माहेरचा शिसवी पलंग आणि नवी गिटार

फोंडा तालुक्यातून एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र आलं आहे. त्या कित्येक वर्षं गिटार वाजवतात. पिक (तारा छेडायची चकती) न धरता, बोटांनी. नाट्यपदं, भावगीतं, घरगुती बैठकीत स्वतःच्या गळ्याला स्वतःचीच साथ. निवृत्तीनंतर हाती आलेल्या पैशांतून हातानं घडवलेली गिटार करून घ्यायचं त्यांनी ठरवलं, कारागीर शोधला आणि त्यानं लाकडांची यादी पाठवली. पुढच्या बाजूला सिट्का स्प्रूस, युरोपियन स्प्रूस किंवा रेड सीडार. पाठीला ब्राझिलियन रोझवूड, इंडियन रोझवूड (म्हणजे आपलं शिसव), महोगनी, मेपल, सापेले. ‘यादी आल्यापासून झोप नाही,’ असं त्या लिहितात. माहेरी माळ्यावर पणजोबांचा शिसवी पलंग सुटा करून ठेवलाय, घरचे तो ब्राझीलच्या लाकडाचा म्हणतात. त्यातून गिटार होईल का? भाऊ म्हणतो, गोव्याच्या पावसात सागवानाशिवाय काही टिकत नाही. हे खरं का? आत्ताची गिटार दर पावसाळ्यात पोट काढते, तारा वर जातात. नवीचंही तेच होणार असेल तर एवढे पैसे घालावेत का? आणि जाता जाता: मुलगी लिस्बनला असते, तिच्याकडे ही गिटार नेता येईल ना?

ताई, नमस्कार.

तुमच्या यादीत किंमत चढते ती पाठीच्या लाकडामुळे, आणि आवाज येतो तो मुख्यतः पुढच्या पाटीतून. हा सगळा घोळ त्यातला आहे. म्हणून पाठ आधी बाजूला ठेवू.

घरात तंबोरा असेल तर तो उलटा करून बघा. त्याची पाठ म्हणजे भोपळा. मिरजेच्या ज्या कारागिरांच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं, ते भोपळा निवडताना आकार बघतात, जाडी बघतात, नीट सुकलाय का बघतात. भोपळा दुर्मिळ आहे म्हणून तंबोरा गोड लागतो, असं तिथे कुणी म्हणत नाही. तबली, म्हणजे भोपळ्यावरची पातळ पाटी, मात्र कुठल्या लाकडाची, किती पातळ, याकडे त्यांचं लक्ष असतं. गिटारचंही फार वेगळं नाही. १८६२ मध्ये स्पेनच्या आंतोनियो दे तोरेसनं एक गिटार केली, टॉप, म्हणजे पुढची पाटी, स्प्रूसचा आणि पाठ-बाजू चक्क पुठ्ठ्याच्या. आवाज टॉपमधून येतो हे दाखवायलाच त्यानं ती केली, असं मानतात. आजच्या गिटारचा साचा ज्यानं घालून दिला त्या माणसाचा हा खटाटोप. ती गिटार बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे.

पुठ्ठ्याची गोष्ट जुनी वाटत असेल तर अलीकडची सांगतो. इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी एकाच कारागिराकडून सहा गिटारी करून घेतल्या. सगळ्यांचा टॉप सिट्का स्प्रूसचा, घडण एकसारखी, फक्त पाठ आणि बाजू वेगळ्या लाकडांच्या. त्यात ब्राझिलियन रोझवूड होतं, इंडियन रोझवूड होतं, महोगनी, मेपल, सापेले, अक्रोडही. ५२ वादकांना मंद उजेडात, वेल्डिंगचे काळे चष्मे लावून त्या वाजवायला दिल्या. २०१८ मध्ये निकाल छापून आला: आवाजाच्या पसंतीत सहाही जवळपास सारख्याच ठरल्या, आणि न बघता कुठली कुठली हे ओळखणंही वादकांना जमेना. तुमच्या यादीतलं सगळ्यात महाग आणि बरंच स्वस्त लाकूड त्या सहांत शेजारी शेजारी होतं.

पाठीच्या लाकडाचा काहीच परिणाम होत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. शिसवी लाकूड टिचकी मारल्यावर बराच वेळ घुमतं, महोगनी लवकर गप्प होते, मेपल आणखी लवकर. चांगल्या कारागिराच्या हातात हा फरक थोडाफार जाणवतो. पण तो भाजीत शेवटी घातलेल्या कोथिंबिरीइतका आहे, आणि यादीत त्याचा भाव भाजीइतका लावलाय.

आता टॉप. स्टीलच्या बारीक तारांचा संच सुरात लावला की सगळ्या तारा मिळून टॉपवर सत्तरेक किलोंचा ताण येतो. तो पेलणारी पाटी अडीच-तीन मिलिमीटर जाडीची. जाड केली तर आवाज मुका, पातळ केली तर काही वर्षांत ब्रिजपाशी (टॉपवर तारा जिथे अडकवतात त्या पट्टीपाशी) खड्डा. म्हणून हलकं आणि तरीही ताठ असं लाकूड लागतं, आणि या दोन गोष्टी एकत्र सापडतात त्या थंड मुलखातल्या सूचिपर्णी झाडांत. आपल्या कोकणपट्टीतलं एकही झाड टॉपला सुचवण्याचा मला मोह होत नाही. इथे देशप्रेम कामाचं नाही.

तुमच्यासाठी मी रेड सीडार सांगेन. स्प्रूस जास्त ताठ असतो. जोरात वाजवलं तरी त्याचा आवाज फाटत नाही, सूर सुटे सुटे ऐकू येतात, आणि पिकनं ठोकून वाजवणाऱ्याला तोच हवा. पण त्याला जागं करायला हात जरा जड लागतो, आणि नवा असताना तो आखडूनच असतो; मोकळा व्हायला वाजवण्याची काही वर्षं जावी लागतात. सीडार हलक्या बोटालाही लगेच बोलतो, पहिल्या दिवसापासून. माद्रिदच्या होसे रामिरेस तिसऱ्यानं १९६०च्या दशकात शास्त्रीय गिटारला सीडार वापरायला सुरुवात केली आणि बोटांनी वाजवणाऱ्यांत तो रुजला. तुम्ही स्वतः गाता, साथ हलक्या हाताची, स्वर उबदार हवा. निवृत्तीनंतरची गिटार आहे, ती मोकळी होण्याची दहा वर्षं वाट बघत बसण्यात मला मतलब दिसत नाही.

तोटे दोन. सीडार मऊ असतो, नख लागलं की खूण राहते. बांगड्या काढून वाजवा. आणि गणेशचवथीला घुमट-शमेळ-कासाळं या वाद्यांच्या आरतीत ही गिटार घेऊन बसलात तर ती कुणाला ऐकू यायची नाही. तशी कुठलीच लाकडी गिटार घुमटापुढे टिकत नाही, म्हणून त्या चार दिवसांसाठी निवड बदलू नका. तिथे जुनी न्या.

सीडारच्या बाजूनं आणखी एक कारण आहे, आणि गोव्यात राहणाऱ्यासाठी तेच मोठं. तुमच्या पोट काढणाऱ्या गिटारचं कोडं त्यात सुटतं.

लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं. हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास असेल तर लाकडात साधारण ९ टक्के पाणी राहतं. आषाढ-श्रावणात आर्द्रता ऐंशीच्या वर बरेच दिवस टिकली की लाकडातलं पाणी १५ टक्क्यांच्याही पुढे जातं. रेषेच्या दिशेनं लाकूड जवळपास वाढत नाही. रेषेला आडवं मात्र फुगतं. टॉप खालच्या बाजूला सुमारे ३८ सेंटिमीटर रुंद असतो. तो मोकळा असता तर एवढ्या ओलीनं सिट्का स्प्रूसचा टॉप साडेतीन मिलिमीटरनं रुंदावला असता, रेड सीडारचा दोन मिलिमीटरनं. पण तो मोकळा नसतो, कडेनं चिकटवलेला असतो, आतून ब्रेसिंगनं, म्हणजे आधाराच्या लाकडी पट्ट्यांनी, बांधलेला असतो. बाजूला सरकायला जागा नाही, मग तो वर उचलतो. ब्रिज वर येतो, तारा वर येतात, तुमची बोटं दुखतात. सीडारमध्ये हा त्रास कमी होतो. पूर्ण जात नाही.

एक समजून घ्या: फुगणं तसं परत फिरणारं असतं, चीर पडणं नाही. गिटार दमट हवेत जुळवली आणि मग एसीच्या कोरड्या खोलीत ठेवली, तर टॉप आकसतो आणि उभा चिरतो. कोरड्या हवेत जुळवलेली गिटार पावसात फुगते, दिवाळीनंतर पुन्हा बसते. म्हणून कारागिराला लाकडाच्या जातीआधी हे विचारा: ब्रेसिंग आणि टॉप चिकटवताना खोलीतली आर्द्रता किती असते? ‘४५ ते ५० टक्के, डीह्युमिडिफायर चालू असतो, हा बघा मीटर’ असं उत्तर आलं तर माणूस कामाचा. ‘आमचं लाकूड वीस वर्षं मुरलेलं आहे, काही होत नाही’ असं आलं तर दुसरा शोधा. वीस वर्षं मुरलेलं लाकूडही जुलैत आठवडाभर उघडं ठेवलं की ओल घेतंच. मुरल्यानं ओढाताण कमी होते, तहान जात नाही.

यादीत टॉपपुढे ‘डबल ए’, ‘ट्रिपल ए’ असेल, त्यावर फार जाऊ नका. ही प्रत विकणारा स्वतः ठरवतो, आणि ती बहुतेक दिसण्यावर असते, रेषा किती सारख्या, रंग किती एकसंध. एखादा काळपट पट्टा असलेला टॉप जास्त ताठ निघू शकतो. कारागिराला सांगा, तुझ्या हाताला जो बरा लागेल तो घे, रंगाची माझी अट नाही. हे ऐकून चांगल्या कारागिराला बरं वाटतं.

आता भावाचं सागवान. त्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. साग ओलीनं कमी हलतो, कीड सहज लागत नाही. घरांच्या वाशांत आणि दारांत पिढ्यान्‌पिढ्या तो टिकलाय तो त्यामुळेच, आणि सरोदच्या कोठ्यालाही तो चालतो. टॉपला मात्र तो जड पडतो. पाठीला चालेल, फक्त तो तेलकट असल्यानं डिंक धरायला त्रास देतो आणि त्यातल्या वाळूसारख्या कणांनी रंध्याचं पातं बोथट होतं. कारागीर कुरकुर करेल. पलंग हाताशी असताना कशाला ती कटकट?

तर पलंग. माझ्या मते तुमच्या पत्रातली सगळ्यात चांगली ओळ तीच. तो आधीच सुटा करून ठेवलाय म्हणता, म्हणून मी मोकळेपणानं बोलतो. उभा, वापरातला पलंग असता तर त्याला हात लावू नका म्हटलं असतं. आणि आधी भावाला विचारा. माहेरच्या माळ्यावरच्या वस्तूवर सगळ्यांचा जीव असतो, आणि हा प्रश्न करवत चालल्यावर निघू नये.

गिटारच्या पाठीला दोन पाट्या लागतात, प्रत्येकी साधारण ५५ सेंटिमीटर लांब आणि २० रुंद. बाजूंना दोन पट्ट्या, ८० सेंटिमीटर लांब, ११-१२ रुंद. तयार जाडी दोन ते अडीच मिलिमीटर. पलंगाच्या दोन्ही लांब पट्ट्या बघा, त्यांतून बाजू निघतात. पट्टी तीन सेंटिमीटर जाड असेल तर बँडसॉवर चिरून कितीतरी पत्रे मिळतील. उशाकडच्या फळीतून पाठ. ती २० सेंटिमीटर रुंद सलग मिळाली नाही तरी घाबरू नका. ब्राझिलियन रोझवूडचे रुंद तुकडे मिळेनासे झाले तेव्हा अमेरिकेच्या मार्टिन कंपनीनं १९६५ मध्ये तीन तुकड्यांची पाठ असलेलं डी-३५ काढलं, आणि लोकांना ते इतकं आवडलं की आजही तसंच करतात. तुमच्या पलंगाची पाठ तीन तुकड्यांत जोडली तर ती दिसायलाही छान होईल.

मेस्ताला (सुताराला) घेऊन माळ्यावर जा आणि काही गोष्टी तपासा. पट्टीच्या टोकाला, जिथे ती खुंटीत बसायची तिथे, आडव्या काप्यावर वर्षांच्या रेषा दिसतील. त्या रेषा फळीच्या रुंद बाजूला काटकोनात उभ्या असतील तर उत्तम. आडव्या पसरल्या असतील तर तो तुकडा ओलीनं जास्त वाकडा होईल, तो पाठीला नको. कडेचा फिका, पांढुरका भाग गाभ्याचा नसतो, त्यालाच कीड लागते. टाचणीच्या टोकाएवढी भोकं आणि खाली पीठ दिसलं तर तो भाग तिथेच कापून टाका. खिळे, चुका, बिजागऱ्यांचे मोडके स्क्रू चुंबकानं शोधून काढा, कारण एका खिळ्यानं करवतीचं पातं जातं आणि गिरणीवाल्याचा मूडही. कोरीव भाग तसाच ठेवा, त्याचा गिटारला उपयोग नाही, घराला आहे.

जुनं लाकूड बाजूंसाठी वाकवताना तडकू शकतं. गरम नळीवर पाणी मारत मारत ते वाकवतात. शिसवी लाकूड तसं बरं वाकतं, तरी बाजूंच्या दोनऐवजी तीन-चार पट्ट्या चिरून द्या. आणि चिरल्यावर लगेच कामाला घेऊ नका. बाहेरून शंभर वर्षं कोरडी दिसणारी फळी आतून वेगळी असते. पातळ पत्रे कारागिराच्या कोरड्या खोलीत फटी ठेवून रचलेले काही महिने राहू देत.

पायांकडेही बघा. पलंगाचा सरळ, जाड पाया म्हणजे एक फ्रेटबोर्ड (मानेवरची, बोटं ठेवायची पट्टी) आणि एक ब्रिज. यादीत फ्रेटबोर्डला एबनी लिहिलं असेल तर ते खोडा. एबनी सुंदर, काळीकुळकुळीत, पण ओलीबरोबर बरीच हलते. एसीत आकसली की फ्रेटची, म्हणजे तिच्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची, टोकं बाहेर येऊन तळहाताला टोचतात. शिसवी बरी. मान महोगनीची करा, ती हलकी आणि कमी हलणारी. आणि तुम्हाला गोव्याचंच काही हवं असेल तर आपलं राज्यवृक्ष मत्ती आठवा. मराठीत ऐन म्हणतात तो. त्याचंच लाकूड ‘इंडियन लॉरेल’ या नावानं स्क्वायर या ब्रँडच्या स्वस्त इलेक्ट्रिक गिटारींच्या फ्रेटबोर्डवर असतं. आपण त्याचे वासे केले, ते लोक त्यावर सोलो वाजवतात.

राहिलं ब्राझील. बहुतेक घरांत ही दंतकथा असते. पोर्तुगालचा संबंध, समुद्र, जहाजं. काळं जड लाकूड दिसलं की ते ब्राझीलहून आलं. शक्यता कमी आहे. शिसव सह्याद्रीच्या आपल्या बाजूलाच वाढतो, सुतारानं ते सोडून समुद्रापलीकडून का आणावं? नुसत्या डोळ्यांनी मात्र दोन्ही ओळखणं अवघड. एक छोटा तुकडा बेंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ वूड सायन्स अँड टेक्नॉलॉजीकडे तपासायला पाठवा, तिथे लाकूड ओळखून देतात. आणि देवाकडे प्रार्थना करा की ते ब्राझीलचं न निघो.

कारण कायदा. ब्राझिलियन रोझवूड १९९२ पासून साइट्स करारात (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात) सगळ्यात कडक यादीत आहे. कागदपत्रांशिवाय ते सीमेपार नेता येत नाही, गिटारच्या रूपातही नाही. कारागिराच्या यादीतल्या त्या महागड्या ओळीवरही यासाठीच काट मारा. आपल्या शिसवाचंही २०१७ पासून काही काळ अडलं होतं, तेव्हा डालबर्जियाच्या, म्हणजे शिसवाच्या कुळातल्या, सगळ्या जाती नियंत्रणात आल्या; पण नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट आहे. म्हणजे पलंग आपल्या शिसवाचा निघाला तर लिस्बनची वाट मोकळी. कारागिराकडून बिलावर लाकडाचं शास्त्रीय नाव, डालबर्जिया लॅटिफोलिया, लिहून घ्या आणि तपासणीच्या अहवालाची प्रत केसमध्ये ठेवा. आणि उरलेलं लाकूड सोबत नेऊ नका. सूट वाद्याला आहे, फळीला नाही. हो, मार्टिननंही १९६९च्या सुमारास ब्राझील सोडून आपलंच शिसव धरलं होतं, तेव्हा कुणी नाक मुरडलं तर एवढं सांगा.

पैसे घालावेत का, हा तुमचा खरा प्रश्न. घाला. फक्त ते असे वाटा: पाठीच्या लाकडावर काही नाही, पलंग आहे. टॉप चांगला, कारागिराच्या पसंतीचा. अंगानं लहान, ओएम किंवा ट्रिपल-ओ आकाराची. मोठ्या अंगाची ड्रेडनॉट मांडीवर घेऊन गाताना खांदा भरून येतो. सेटअपसाठी (तारांची उंची जुळवून घेण्यासाठी) थोडे राखून ठेवा, आणि दोन उंचीचे सॅडल (ब्रिजवर तारा टेकतात ती बारीक पट्टी) करून घ्या, एक पावसाळ्याचं, एक बाकीच्या दिवसांचं. काही मिनिटांत बदलता येतं आणि जूनमध्ये बोटं वाचतात. पॉलिश शेलॅकचं नको, घामानं आणि दमट हवेनं ते पांढरं पडतं, चिकट होतं. पातळ वार्निश सांगा.

शिवाय एक डिजिटल आर्द्रतामापक केसमध्ये हवाच, फार महाग नसतो. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, पण आठवड्याला काढून तव्यावर मंद आचेवर तापवा, नाहीतर त्या ओल भरून नुसत्या पडून राहतात. केस भिंतीला टेकवून ठेवू नका, जांभ्याच्या भिंतीला पावसात ओल येते. मे महिन्यात उन्हातल्या गाडीत तर मुळीच नाही. डिंक मऊ पडतो आणि ब्रिज उचलतो.

काम दिवाळीनंतर सुरू करायला सांगा. तोवर पलंगाचे पत्रे चिरून, वाळत ठेवून होतील. आणि मुलीला आत्ताच सांगून ठेवा, हिवाळ्यात खोलीत हीटर लावला की हवा कोरडी होते. तिच्याकडे असाल तेव्हा वाजवून झालं की गिटार लगेच केसमध्ये, आणि केस बंद.